जुनी कारागिरी, नवे तंत्र : जगाच्या दालनांतील डच डिझाइन

न्यूयॉर्क येथील ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’च्या संग्रहात दोरीच्या गाठी मारून विणलेली एक खुर्ची आहे. लांबून पाहिल्यास ती मासेमारीच्या जाळ्यासारखी सैल भासते. तिच्यावर कोणी बसलेच तर ती कोसळेल, असे वाटावे. प्रत्यक्षात ती माणसाचे वजन सहज पेलते. मार्सेल वांडर्स या डच डिझाइनरने १९९६ साली साकारलेल्या या ‘नॉटेड चेअर’ची दोरी साधी नाही. विमानबांधणीत वापरल्या जाणाऱ्या कार्बन तंतूंचा गाभा आणि त्याभोवती अरामिड तंतूंची वीण अशी तिची घडण आहे. गाठी मात्र हातानेच मारलेल्या आहेत. विणून झालेले हे जाळे इपॉक्सी राळेत भिजवून चौकटीला टांगले जाते. स्वतःच्या भाराने त्याला खुर्चीचा बाक येतो आणि राळ वाळली की तोच आकार कायमचा ताठ होतो.

या एका खुर्चीत समकालीन डच डिझाइनचा स्वभाव एकवटला आहे. गेल्या तीन दशकांत मिलान, न्यूयॉर्क, लंडन, पॅरिस अशा शहरांतील प्रदर्शनांत डच वस्तूंनी जे स्थान मिळवले, त्यामागे केवळ आकर्षक आकार नव्हते. गाठी, विणकाम, मातीकाम, लोकर, जवसाचा धागा अशा जुन्या कौशल्यांना नव्या साधनांच्या शेजारी बसवून त्यांना नवे काम मिळवून देणे, हे या प्रवाहाचे मर्म होय. हे काम टिकते की प्रदर्शनाचे दिवे मालवताच संपते, हा त्यातील खरा प्रश्न आहे.

उसन्या घेतलेल्या परंपरा

नेदरलँड्सचे क्षेत्रफळ सुमारे ४१,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या साधारण अकरा पट. या लहानशा देशाने सतराव्या शतकात समुद्रमार्गे जगाशी व्यापार केला. १६०२ साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारी आशियाच्या किनाऱ्यांवर पसरल्या होत्या. गोव्याच्या उत्तरेस वेंगुर्ल्यात आजही ‘डच वखार’ या नावाने ओळखली जाणारी वास्तू त्याच काळाची खूण आहे. या जहाजांतून मसाल्यांबरोबर चिनी मातीची निळी-पांढरी भांडी, कोरोमंडल किनाऱ्यावरील चीट आणि जपानी वस्तू हॉलंडमध्ये पोहोचल्या. आपल्या ‘चीट’ या शब्दाचा भाऊबंद शोभावा असा ‘सिट्स’ हा शब्द डच भाषेत याच कापडासाठी आजही वापरला जातो.

डच कारागिरीचे सर्वांत परिचित रूप म्हणजे डेल्फ्ट शहराची निळी भांडी. तीही मुळात नक्कलच होती. सतराव्या शतकाच्या मध्यावर चीनमधील मिंग राजवट कोसळली, तेथून येणारा माल आटला आणि डेल्फ्टच्या कुंभारांना संधी मिळाली. खऱ्या पोर्सिलेनसाठी लागणारी पांढरी केओलिन माती त्यांच्यापाशी नव्हती. त्यांनी साध्या मातीच्या भांड्यावर कथिलाचे ऑक्साइड मिसळलेली अपारदर्शक पांढरी झिलई चढवली, ती कच्ची असतानाच तिच्यावर कोबाल्टने चित्रे रंगवली आणि भांडी भट्टीत भाजली. खापराचा मूळ रंग झिलईखाली झाकला गेला आणि कोबाल्ट निळा होऊन उमटला. १६५३ साली तेथे सुरू झालेला एक कारखाना आज ‘रॉयल डेल्फ्ट’ या नावाने चालू आहे.

या निळाईचा प्रवास पुढेही चालू राहिला. सतराव्या शतकाच्या अखेरीस डच कारखान्यांतून निळ्या फरशांची मोठी चित्रे लिस्बनला जाऊ लागली आणि पोर्तुगालमधील ‘अझुलेजो’ फरशांवर निळ्या-पांढऱ्या रंगसंगतीचा पगडा बसला. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनातील जॉर्ज कोलासो यांची फरशीचित्रे १९३५ सालची आहेत. पण त्यांतील निळा-पांढरा मेळ त्याच वंशावळीतला. चीन, हॉलंड, पोर्तुगाल आणि गोवा एका रंगाने असे जोडले गेले.

परंपरा आपली म्हणून मिरवली तरी ती बाहेरून आली, इथल्या मातीनुसार बदलली आणि नव्या तंत्राने रुजली, ही जाणीव डच डिझाइनरांपाशी आहे. त्यामुळे जुन्या वस्तूला हात लावताना त्यांना संकोच वाटत नाही.

‘ड्रोग’ची कोरडी मिश्किली

विसाव्या शतकात डच डिझाइनची ओळख आधी सरळ रेषांची होती. १९१७ साली सुरू झालेल्या ‘डी स्टाइल’ चळवळीने रंग आणि आकार यांना मूळ घटकांपर्यंत नेले; गेरिट रीटफेल्ट यांची लाल-निळी खुर्ची तिचे प्रतीक ठरली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली, आइंडहोवन येथे औद्योगिक डिझाइनचे शिक्षण देणारी संस्था उभी राहिली. फिलिप्स कंपनीच्या या गावात उद्योगाला डिझाइनरांची गरज होती. पुढे ‘डिझाइन अकॅडमी आइंडहोवन’ या नावाने प्रसिद्ध झालेली ही संस्था फिलिप्सच्याच एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत भरते. कारखाना गेला आणि त्याच्या जागी शाळा आली, हा बदल त्या देशाच्या अर्थकारणाचीही कथा सांगतो.

वळण आले ते १९९३ साली. समीक्षक रेनी रामाकर्स आणि दागिन्यांचे डिझाइनर खेइस बाकर यांनी काही तरुणांच्या वस्तू एकत्र करून मिलानच्या फर्निचर मेळ्याच्या काळात मांडल्या. ‘ड्रोग’ हे त्या उपक्रमाचे नाव. डच भाषेत त्याचा अर्थ ‘कोरडे’. चेहऱ्यावरची रेष न हलवता केलेल्या विनोदाला आपण कोरडा विनोद म्हणतो, तोच भाव त्यात होता. चकचकीत इटालियन फर्निचरच्या गर्दीत या वस्तू वेगळ्या उठून दिसल्या. तेयो रेमी यांनी टाकून दिलेले खण गोळा केले, प्रत्येकाला नवी लाकडी पेटी केली आणि सगळा ढीग एका जाड पट्ट्याने आवळून बांधला, तेच कपाट. रोडी ग्राउमान्स यांनी ८५ साधे दिवे, ८५ वायरी आणि ८५ होल्डर एकत्र जोडले. वरच्या बाजूस जमलेला जोडण्यांचा पुंजका हाच झुंबराचा मुकुट झाला.

या वस्तूंनी नवा कच्चा माल शोधला नाही. जुन्या मालाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. ग्राहकाच्या घरात आधीच पुरेशा वस्तू असताना नवी वस्तू कशासाठी करायची, हा प्रश्न त्यांत दडलेला होता. १९९६ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने ‘थ्रेशोल्ड्स’ या नावाने समकालीन डच डिझाइनचे प्रदर्शन भरवले आणि ही मंडळी अमेरिकेत पोहोचली. त्याच सुमारास ड्रोगने डेल्फ्ट तंत्रविद्यापीठाच्या विमान व अवकाश विभागाची प्रयोगशाळा डिझाइनरांना खुली करून दिली. वांडर्स यांची गाठींची खुर्ची त्या सहकार्यातून जन्मली.

चुकीला दिलेला मान

कारागिरी आणि कारखाना यांतील नाते सर्वांत बारकाईने तपासले ते हेला योंगेरियस यांनी. १९९० च्या दशकात त्यांनी फुलदाणीचा पुरातन आकार घेतला आणि तो मातीऐवजी मऊ रबरात ओतला. साच्याच्या सांध्याची रेघ त्यांनी पुसली नाही. यंत्राने काढलेल्या वस्तूवरही घडण्याच्या खुणा राहू शकतात, असे ‘सॉफ्ट अर्न’ सांगते.

पुढचे पाऊल त्यांनी फ्रीसलंड प्रांतातील माक्कुम गावच्या ‘रॉयल टिखेलार’ या मातीकाम कारखान्यात टाकले. १५७२ पासूनचा इतिहास सांगणारा हा कारखाना नेदरलँड्समधील सर्वांत जुन्या उद्योगांत गणला जातो. तेथे घडलेल्या ‘बी-सेट’ या ताटवाट्यांच्या संचाचे तंत्र सोपे आहे. सर्व भांडी एकाच साच्यातून काढायची. मात्र पोर्सिलेनला लागते त्याहून किंचित अधिक उष्णता भट्टीत द्यायची. अति तापल्याने प्रत्येक भांडे थोडेसे कलते, वाकते. कारखान्याच्या भाषेत असा माल दुय्यम प्रतीचा. योंगेरियस यांनी नेमका तोच विक्रीस ठेवला. एका साच्यातून निघूनही कोणतीही दोन ताटे सारखी नसतात. हजारो वस्तूंच्या उत्पादनात व्यक्तिमत्त्व परत आणायला इतकेच पुरले.

जपानमधील आरिता गावाची कथा याच धाग्यातली. सतराव्या शतकात चिनी माल मिळेनासा झाल्यावर डच कंपनीने आरिताच्या पोर्सिलेनची मोठी मागणी नोंदवली होती. त्यानंतर साडेतीन शतकांनी स्टेफान स्खोल्टेन आणि कारोल बाइंग्स हे डच डिझाइनर आरिताच्या कुंभारांकडे गेले. जुन्या आरिता भांड्यांतील रंगांचा त्यांनी अभ्यास केला आणि नक्षी वगळून केवळ त्या रंगांच्या पट्ट्यांनी नवी भांडी सजवली. २०१२ साली मिलानमध्ये मांडलेल्या या ‘कलर पोर्सिलेन’ मालिकेमागोमाग, आरिताच्या पोर्सिलेनला ४०० वर्षे झाल्याच्या निमित्ताने, २०१६ साली अनेक देशांतील डिझाइनर तेथील भट्ट्यांशी जोडले गेले. जुना व्यापारमार्ग या वेळी कौशल्याच्या देवाणघेवाणीचा झाला.

संगणक हेही हत्यारच

एकविसाव्या शतकात हातोडी आणि चाक यांच्या पंक्तीला संगणक येऊन बसला. योरिस लारमन यांची २००६ सालची ‘बोन चेअर’ हे त्याचे ठळक उदाहरण. हाड वाढताना ज्या भागावर भार पडतो तेथे ते जाड होते आणि जेथे भार नाही तेथे पातळ होते. या नियमावर आधारलेली संगणक-आज्ञावली मोटारींचे भाग हलके करण्यासाठी वापरली जात होती. लारमन यांनी खुर्चीवर बसणाऱ्या माणसाचा भार त्या आज्ञावलीला सांगितला. जेथे गरज नाही तेथील धातू ती वजा करत गेली आणि झाडाच्या मुळांसारखा फाटे फुटलेला आकार उरला. खुर्ची अखेर ॲल्युमिनियममध्ये ओतून घडवली गेली. ओतकामाचे जुने शास्त्र येथे सुटले नाही. लारमन यांच्या प्रयोगशाळेच्या कामाचे प्रदर्शन खोनिंगन येथून निघून २०१७ साली न्यूयॉर्कच्या कूपर ह्यूइट संग्रहालयात पोहोचले.

त्रिमितीय मुद्रण म्हणजे पदार्थाचे थरावर थर देत वस्तू उभी करणे. डर्क व्हांडर कोय यांनी २०१० साली या तंत्राचे ओबडधोबड रूप मुद्दाम निवडले. जुना औद्योगिक यंत्रमानव मिळवून त्यांनी त्याला टाकाऊ फ्रिजच्या प्लास्टिकचा वितळलेला जाड दोरा अखंड सोडायला शिकवले. ‘एंडलेस’ खुर्चीवर तो दोरा स्पष्ट दिसतो, जणू वेतकामच.

वस्त्रांच्या क्षेत्रात इरिस व्हान हेर्पन यांनी २०१० सालच्या ‘क्रिस्टलायझेशन’ संग्रहात त्रिमितीय मुद्रणाने घडवलेला पोशाख आणला. तेव्हापासून लेझरने कापलेले थर, सिलिकॉन, पारदर्शक राळ यांसारखी सामग्री त्यांच्या पोशाखांत दिसते; तरी हे तुकडे कापडावर बसवण्याचे काम शिवणकारांच्या हातांनीच होते. पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयात नोव्हेंबर २०२३ मध्ये उघडलेल्या ‘स्कल्प्टिंग द सेन्सेस’ या प्रदर्शनात त्यांची शंभराहून अधिक वस्त्रे मांडली होती. पुढे ते ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे गेले.

लोनेके खोर्डाइन आणि राल्फ नाउता यांच्या ‘ड्रिफ्ट’ या जोडीचा ‘फ्रॅजाइल फ्युचर’ दिवा आणखी एक टोक गाठतो. सूक्ष्म एलईडी दिव्याभोवती डँडेलियन या रानफुलाचे केसाळ बी एकेक करून हाताने चिकटवलेले असते. विजेचा मंडल-फलक जितका नेमका, तितकेच हे हातकाम चिकाटीचे.

मालाचा माग

अलीकडच्या पिढीचे लक्ष आकाराकडून मालाकडे वळले आहे. क्रिस्टिन मेइंडर्त्स्मा या डिझाइनर कोणत्याही वस्तूच्या उगमापर्यंत जातात. २००७ सालच्या ‘पिग ०५०४९’ या पुस्तकात त्यांनी एका डुकराच्या शरीरापासून १८५ उत्पादने कशी तयार होतात, याची नोंद केली. त्यांची ‘फ्लॅक्स चेअर’ जवसाच्या तंतूंची आहे. जवसाचे विणलेले कापड आणि सुयांनी गुंतवलेला जवसाचाच नमदा यांचे थर, वनस्पतिजन्य प्लास्टिकच्या तंतूंसह, उष्णतेने दाबून तिचा कडक पत्रा होतो आणि त्यातून खुर्ची आकार घेते. नेदरलँड्समध्ये जवसाची लागवड शतकानुशतके होते; तागवजा या धाग्याचे वस्त्र तेथील जुन्या घरांत कपाटभर असे. आता त्याच पिकाला बसण्याची जागा मिळाली.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात २०२३ मध्ये मांडलेल्या ‘री-फॉर्मिंग वेस्ट’ प्रदर्शनात त्यांनी रॉटरडॅम शहराच्या हिरवळीवर चरणाऱ्या मेंढ्यांची लोकर वापरली. ही लोकर जाडीभरडी असल्याने तिला बाजारात फारशी किंमत नव्हती. पाणी किंवा गोंद न वापरता, केवळ सुया टोचत लोकरीचे थर एकमेकांत गुंतवून भरीव आकार उभारणारा यंत्रमानव त्यांनी तंत्रज्ञांच्या मदतीने घडवला. सुईने नमदा करण्याची जुनी रीत त्यामुळे त्रिमितीय मुद्रणाच्या शेजारी जाऊन बसली.

प्रदर्शनामागची व्यवस्था

या यशाला व्यक्तींची प्रतिभा जितकी कारणीभूत, तितकीच संस्थांची साखळीही. टिलबर्ग येथील वस्त्रसंग्रहालय एका जुन्या लोकर कारखान्यात आहे. त्याच्या कार्यशाळेत संगणकाने चालणारे जॅकार्ड माग आणि ते जाणणारे कारागीर दोन्ही आहेत. डिझाइनर तेथे जाऊन प्रत्यक्ष कापड विणून घेतात. आइंडहोवनला दर ऑक्टोबरमध्ये ‘डच डिझाइन वीक’ भरतो. २०१६ पासून मिलानच्या एका जुन्या प्रासादात ‘मास्टर्ली’ या नावाने डच कारागीर आणि डिझाइनर एकत्र दिसू लागले. सरकारनेही डिझाइनकडे निर्यातीचे क्षेत्र म्हणून पाहिले. २००९ ते २०१२ या काळातील डिझाइन, फॅशन आणि वास्तुकला यांच्या प्रसार-कार्यक्रमात भारत, चीन, जर्मनी आणि तुर्कस्तान हे लक्ष्यदेश होते.

ही व्यवस्था अढळ मात्र नाही. २०११ नंतर डच सरकारने संस्कृतीवरील खर्चाला मोठी कात्री लावली. २०१३ मध्ये वास्तुकला, डिझाइन आणि डिजिटल संस्कृती यांच्या वेगवेगळ्या संस्था एकत्र करून रॉटरडॅम येथे ‘हेट न्युवे इन्स्टिट्यूट’ ही एकच संस्था करण्यात आली. डिझाइनरांना परदेशी दालने, संग्राहक आणि कंपन्या यांच्यावर अधिक विसंबावे लागले.

दालनाबाहेरची कसोटी

टीकाकारांचा आक्षेप येथूनच सुरू होतो. मोजक्या प्रतींत घडणारी ‘बोन चेअर’ सामान्य घरात पोहोचत नाही. २००४ साली न्यूयॉर्कच्या ‘मॉस’ दालनात मार्टेन बास यांनी नामांकित खुर्च्या ज्वालेने जाळून, राळेने मढवून मांडल्या. ते भाष्य धारदार होते, पण त्याचे गिऱ्हाईक संग्राहक होते. टाकाऊ खणांचे कपाटही शेवटी संग्रहालयातील मौल्यवान वस्तू झाले. ज्या अतिउत्पादनावर हे डिझाइन बोट ठेवते, त्याच बाजाराने त्याला महाग करून टाकले, ही विसंगती नाकारता येणार नाही.

याला उत्तर देणारी उदाहरणे दालनाबाहेर सापडतात. २००८ साली न्यूयॉर्कच्या कोलंबस सर्कलवरील ‘म्युझियम ऑफ आर्ट्स अँड डिझाइन’ची इमारत नव्या रूपात उघडली. तिच्या दर्शनी भागावरील सुमारे २२,००० झिलईदार फरशा माक्कुमच्या टिखेलार कारखान्यातून आल्या होत्या. पुढे २०१३ मध्ये नेदरलँड्सने संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्क मुख्यालयातील प्रतिनिधींचे विश्रामदालन नव्याने सजवून भेट दिले. योंगेरियस यांच्याबरोबर वास्तुविशारद रेम कूलहास आणि ग्रंथसजावटकार इर्मा बूम हे त्या चमूत होते. ईस्ट नदीकडे पाहणाऱ्या मोठ्या खिडकीवर तेथे गाठींनी विणलेला पडदा आहे. त्यात ओवलेले सुमारे ३०,००० पोर्सिलेनचे मणी टिखेलारमध्येच हाताने घडले. जगभरचे मुत्सद्दी त्या पडद्याशेजारी बसून बोलतात. त्यांतील अनेकांना माक्कुमचे नाव ठाऊक नसेल. पण तेथील भट्टी त्या कामाने पेटती राहिली.

नव्या तंत्रालाही हीच कसोटी लागू आहे. लारमन यांच्या प्रयोगशाळेने डिझाइन केलेला आणि यंत्रमानवांनी पोलादाच्या जोडकामाने ‘छापलेला’ १२ मीटर लांबीचा पादचारी पूल जुलै २०२१ मध्ये ॲमस्टरडॅमच्या एका जुन्या कालव्यावर राणी माक्सिमा यांच्या हस्ते खुला झाला. त्याला मिळालेली परवानगी दोन वर्षांची होती. लोक त्यावरून चालले, त्यात बसवलेल्या संवेदकांनी भार आणि कंपने मोजली आणि त्या नोंदी अभियंत्यांच्या हाती आल्या. प्रदर्शनातील वस्तूकडून वापरातील वस्तूकडे जाणारा रस्ता किती लांब आहे, हे त्या छोट्या पुलाने दाखवले.

डेल्फ्टच्या कुंभारांनी चिनी मातीवाचून पांढरे भांडे केले, ते ग्राहकाला ते हवे होते म्हणून. आजच्या डच कारागिरांपुढची स्थिती तीच आहे. परदेशी प्रदर्शन नाव मिळवून देते, तंत्रज्ञान नव्या शक्यता उघडते. मात्र हातातले कौशल्य पुढच्या पिढीकडे जाण्यासाठी रोजचे काम लागते. फरशा, पडदे, खुर्च्या, कापड यांची मागणी जोवर कारखान्याच्या दारात येत राहील, तोवर माक्कुमची भट्टी आणि टिलबर्गचे माग संग्रहालयातील दर्शनवस्तू होणार नाहीत.